बत्तीस म्हणजे नेमकं कोणतं? हँडगनची सारखी दिसणारी काडतुसं ओळखताना

दुकानाच्या काउंटरवर जाऊन "बत्तीसचे राउंड द्या" एवढंच म्हणू नका. दुकानदार जाणता असेल तर लगेच विचारेल, "रिव्हॉल्व्हरचे की पिस्तुलाचे?" त्याने विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा. .३२ या नावाखाली आपल्याकडे दोन वेगवेगळी काडतुसं सर्रास विकली जातात आणि जुनं शस्त्र असलेल्या घरात कपाटाच्या तळाशी तिसरंही सापडतं. तिघांच्याही नावात बत्तीस आहे, जाडी जवळपास एकच आहे, आणि तरीही ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मराठवाड्यात नव्या माणसाच्या हाती हँडगन येते ती साधारण तीन वाटांनी. कुणी रायफल क्लबात एअर पिस्तुलावर हात बसवून .२२ कडे वळतो. कुणाला संरक्षणासाठी परवाना मिळतो. बीडमध्ये २०२४-२५ च्या घडामोडींनंतर प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी करून बरेच रद्द केले, त्यामुळे ही वाट आता पूर्वीइतकी मोकळी नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. तिसरी वाट वारशाची. आजोबा देशमुखी-पाटीलकीतले, त्यांचं रिव्हॉल्व्हर वडिलांकडे आलं, आता तुमच्या नावावर चढायचं आहे, आणि सोबत एका डबीत पाच-सहा प्रकारचे राउंड एकत्र पडलेले आहेत. हा लेख तिघांसाठी आहे, पण सगळ्यात जास्त त्या डबीवाल्यासाठी.

आधी काडतुसाचे भाग

काडतूस चार गोष्टींचं असतं. पितळी नळकांडं म्हणजे पुंगळी. तिच्या तोंडात बसवलेली शिशाची किंवा तांब्याच्या आवरणाची ती गोळी. आत दारू. आणि बुडाला टोपी, म्हणजे प्रायमर, जिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. पुंगळीच्या बुडाची कड बाहेर आलेली असेल तर तिला रिम म्हणतात. ही रिम नीट बघायची सवय लावा, कारण पुढच्या निम्म्या गोष्टी तिच्यावरूनच कळतात.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची रिम ठळक बाहेर आलेली असते, कारण सिलिंडरच्या भोकात काडतूस तिच्यावरच अडकून राहतं. पिस्तुलाची काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचायची असतात, तिथे रुंद रिम अडचणीची होते. म्हणून बहुतेक पिस्तूल-काडतुसांत रिम पुंगळीच्या जाडीइतकीच असते आणि तिच्या लगेच पुढे एक खाच कोरलेली असते. अपवाद आहेत, आणि आपल्याकडचं पिस्तुलाचं बत्तीस नेमकं त्या अपवादातलंच आहे.

नावातला आकडा मोजमाप नसतो

शेतकऱ्याच्या घरात हे समजवायला वेळ लागत नाही. दुकानातून "अडीच इंची" पाइप आणता, त्यावर ७५ मिमी छापलेलं असतं, आणि टेप लावली तर बाहेरून जवळजवळ तीन इंच भरतो. अडीच हे बोलायचं नाव. काडतुसाचंही तेच. .३२ च्या गोळीचा व्यास इंचात .३१२ च्या आसपास, म्हणजे ७.९ मिमी. .३८ स्पेशलची गोळी तर .३५७ इंचाची, साधारण ९.०७ मिमी. तिच्या पूर्वजांत गोळीचा बाहेरचा भाग पुंगळीच्या जाडीइतका असायचा. पुढे गोळी पुंगळीच्या आत बसायला लागली, बारीक झाली, पण जुना आकडा तसाच राहिला.

वर एकाच काडतुसाला दोन नावं. .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) आणि ७.६५ मिमी ब्राउनिंग हे एकच. .२५ एसीपी आणि ६.३५ मिमी ब्राउनिंग हेही एकच. याच्या उलट प्रकार जास्त घातक. ७.६५ मिमी ब्राउनिंग आणि ७.६५ मिमी पॅराबेलम यांत आकडा तोच, पण दुसरं लांब आहे, त्याची पुंगळी बाटलीसारखी गळ्याशी निमुळती आहे आणि ते जुन्या लुगर पिस्तुलांचं आहे. ७.६३ माउझर आणि ७.६२ टोकारेव्ह दिसायला जुळी, मापंही जवळपास तीच, पण टोकारेव्हचे राउंड बऱ्याचदा जास्त दाबाचे असतात, आणि शंभर वर्षांच्या माउझर पिस्तुलाला तो दाब झेपेलच असं नाही.

म्हणून पहिला नियम असा की आकडा एकटा कधीच वाचायचा नाही. पुढचं नाव, म्हणजे एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, एसीपी, स्पेशल, मॅग्नम, जे काही असेल ते, आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस

आपल्याकडे नागरी परवान्यावर सगळ्यात जास्त चालणारी ही जोडी, म्हणून इथे जरा थांबू.

रिव्हॉल्व्हरचं बत्तीस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६ सालचं काडतूस. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेलं हलकं 'निर्भीक', आणि २०२३ मध्ये आलेलं, सिलिंडर बाजूला उघडणारं 'प्रबल', ही सगळी याच काडतुसाची. पुंगळी २३.४ मिमी लांब, गोळीसकट पूर्ण काडतूस ३२.५ मिमीपर्यंत. रिम ठळक, साधारण ९.५ मिमी. गोळी बहुधा ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमहून थोडी जास्त, जड आणि सावकाश जाणारी.

पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे .३२ एसीपी. जॉन ब्राउनिंगने ते बनवलं आणि १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीने बाजारात आणलं. पुंगळी १७.३ मिमी, पूर्ण काडतूस २५ मिमी. गोळी ७१ ग्रेनची, हलकी आणि वेगवान. 'अशनी'सारखी देशी .३२ पिस्तुलं यावर चालतात. हिची रिम आहे, पण जेमतेम. तिचा व्यास पुंगळीपेक्षा अर्ध्या मिमीनेच जास्त. नखाने चाचपली तर जाणवते, लांबून दिसत नाही.

आता दोन्ही शेजारी उभी करा. पिस्तुलाचं बुटकं, रिव्हॉल्व्हरचं उंच. नवखा माणूस साहजिकच समजतो की उंच ते जोरदार. दाबाच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. अमेरिकन उद्योगमानकात .३२ लाँगची दाबमर्यादा १५,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आहे आणि बुटक्या .३२ एसीपीची २०,५००. लाँगचा जन्म काळ्या दारूच्या जमान्याच्या शेवटाला झाला, आणि तेव्हाची नाजूक रिव्हॉल्व्हरं अजून लोकांकडे आहेत, म्हणून त्याची मर्यादा मुद्दाम खाली ठेवलेली आहे.

आणि खरी गफलत इथे होते. दोन्ही पुंगळ्यांची जाडी जवळजवळ सारखी, त्यामुळे पिस्तुलाचं बत्तीस पुष्कळ .३२ लाँग रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरमध्ये सरळ बसतं. इतकंच काय, उडतंही. रेंजवर हा प्रश्न येतोच:

"सर, बसलं की हो बरोबर. मग कामून नको म्हणता?"

"बसलं म्हणजे ते त्याचं आहे असं नाही, बाळा. तुझ्या रिव्हॉल्व्हरला पंधरा हजाराचा हिशोब आहे, हे वीसच्या वर जातं. शिवाय रिम छोटी, पिन आपटल्यावर कधी उडंल, कधी नाही उडायचं."

नव्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये एखादा राउंड असा उडून गेला तर बहुधा काही होणारही नाही, आणि म्हणूनच सवय लागते. आजोबांच्या सैल झालेल्या, बिजागरीतून दुमडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र हा प्रयोग करायचाच नाही.

तिसरं बत्तीस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन, शेवटी 'लाँग' नसलेलं. १८७८ चं, पुंगळी साडेपंधरा मिमीच्या आसपास. हे लाँगचं थोरलं भावंड. लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे चालतं, कारण लाँग त्याचीच पुंगळी वाढवून बनलं. उलट बाजूने मात्र नाही: जुन्या आखूड सिलिंडरमध्ये लाँग शिरतच नाही, आणि शिरवायलाही जाऊ नका.

एकाच घराण्यात आखूड ते लांब, उलट नाही

वरची गोष्ट एक ढोबळ सूत्र म्हणून ध्यानात ठेवता येते. .३८ स्पेशलची पुंगळी तीन मिमीहून थोडी जास्त वाढवून १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं. लांबी वाढवण्याचं मुख्य कारण हे की मॅग्नम चुकूनही जुन्या .३८ च्या सिलिंडरमध्ये बसू नये. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, .३८ मध्ये .३५७ नाही. .३२ लाँग, मग १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम, मग .३२७ फेडरल मॅग्नम, ही शिडीही तशीच.

पण हे सूत्र फक्त एका घराण्यापुरतं, आणि तेही रिव्हॉल्व्हरपुरतं. पिस्तुलात आखूड काडतूस भरून बघणं म्हणजे आडाखेबाजी. तिथे लांबी, दाब आणि स्प्रिंग यांचं गणित एकाच काडतुसासाठी जुळवलेलं असतं. .३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल ही तर एका घराण्यातलीही नाहीत. पहिल्याची पुंगळी जाड आणि गोळी .३६१ इंचाची, दुसऱ्याची बारीक. नावाने फसू नका.

बावीस: दिसायला सोपं, तरी चार प्रकार

क्लबातल्या मुलांसाठी हा भाग. १० मीटर एअर पिस्तुलात काडतूसच नसतं, ४.५ मिमीचा छर्रा असतो. पुढची पायरी .२२ लाँग रायफल. नावात रायफल असलं तरी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल, रॅपिड फायर पिस्तूल आणि ५० मीटर रायफल, सगळीकडे हेच चालतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं ते याच काडतुसावर, आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं ऑलिंपिक कांस्यही याच काडतुसावरचं.

याचे भाऊबंद असे. .२२ शॉर्ट हे १८५७ चं, अजून बनणाऱ्या काडतुसांतलं अतिशय जुनं. रॅपिड फायरमध्ये २००४ पर्यंत चालायचं, नंतर नियम बदलून बंद झालं. .२२ लाँगमध्ये लाँग रायफलचीच पुंगळी आणि हलकी गोळी. आता क्वचितच दिसतं. लाँग रायफल १८८७ चं. या तिघांची जाडी एकच. चौथं .२२ मॅग्नम, १९५९ चं, हे वेगळ्या घराण्याचं. त्याची पुंगळी लांबच नाही, जाडही आहे: ६.१५ मिमी, तर लाँग रायफल ५.७ च्या आसपास. मॅग्नमच्या नळीत लाँग रायफल सैल बसतं, उडवलं तर पातळ पितळ फाटून गरम वायू मागे येतो. म्हणजे ५.७ आणि ६.१५ मधलं अंतर डोळ्याला दिसत नाही, पण चेहऱ्याला जाणवू शकतं. चष्मा घातल्याशिवाय रेंजवर उभं राहू नका, हे त्यासाठीच.

आणखी एक. या सगळ्यांत टोपी वेगळी नसते. स्फोटक मसाला रिमच्या आत पसरलेला असतो आणि पिन कडेवर आपटते. त्यामुळे एकदा पिन लागलेलं आणि न उडालेलं .२२ परत भरण्याचा मोह टाळा.

नऊ, अडतीस आणि तीनशे ऐंशी: इथे कायदा मध्ये येतो

९ मिमी म्हटलं की बहुतेकांच्या मनात ९×१९ पॅराबेलम येतं, पोलिस आणि लष्कराचं. .३८० एसीपी हेही ९ मिमीच, पण ९×१७, दाब बराच कमी. माकारोव्हचं ९×१८ नावाने नऊ, पण गोळी ९.२७ मिमीची.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) वर्णन वाचलंत तर एक गंमत दिसते. तिथे शस्त्राचं नाव नाही. सेवेतलं ९ मिमी, तसंच .३८० किंवा .४५५ रिम्ड काडतूस ज्यात भरता आणि उडवता येईल अशी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं, असा मजकूर आहे. म्हणजे कसोटी शस्त्राच्या कोरीव नावाची नाही, त्यात काय भरता आणि उडवता येतं याची आहे. यातलं .३८० रिम्ड म्हणजे ब्रिटिश फौजी रिव्हॉल्व्हरचं काडतूस; .३८० एसीपीशी त्याचा आकड्यापलीकडे संबंध नाही. वारशात जुनी वेब्ली किंवा एनफिल्ड निघाली तर ही ओळ तुमच्या कामाची आहे. ती निषिद्ध वर्गात येते का, हे स्वतः ठरवत बसू नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ते जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. नात्यागोत्यात "राहू द्या घरात, कोण बघतंय" म्हणणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्या, पण ऐकू त्यांचं नका.

आणि फक्त शस्त्राचाच प्रश्न नाही. परवान्यावर नसलेल्या बोअरचे दोन राउंड तुमच्या डबीत सापडले, तरी तो गुन्हा आहे, मग शस्त्र कितीही कायदेशीर असो.

प्रत्यक्ष तपासणी, क्रमाने

१. शस्त्र रिकामं करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, चापावर बोट न ठेवता. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची राउंड बसायची जागा, बघायचा. हा क्रम उलटा केला तर स्लाइड पुढे जाताना नवा राउंड आत जातो. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सगळी भोकं बोटाने मोजा.

२. नळीवर किंवा बॉडीवर कोरलेलं पूर्ण नाव वहीत उतरवा, जसंच्या तसं. फक्त ".३२" असेल तर फक्त तेवढंच लिहा, आपल्या मनाने "लाँग" जोडू नका. अक्षरं झिजली असतील किंवा दुरुस्तीत नळी बदलली असेल, तर इथेच थांबा आणि परवानाधारक कारागिराकडे न्या.

३. परवान्यावरची नोंद त्याच्याशी ताडा. तिथे नुसतं "३२ बोअर रिव्हॉल्व्हर" किंवा "एन.पी. बोअर" (नॉन-प्रोहिबिटेड, म्हणजे निषिद्ध नसलेला) असतं. हे काडतुसाचं नाव नाही, हे ध्यानात ठेवा. एका वेळी किती राउंड ठेवता येतात आणि वर्षाला किती घेता येतात, ती मर्यादाही तिथेच बघा.

४. डबीवरचं नाव वाचा. पण डबीवर विश्वास ठेवून थांबू नका, कारण डब्या बदलतात.

५. प्रत्येक काडतुसाचं बूड बघा. आपल्या देशी नागरी राउंडवर बहुधा रोमन लिपीत के आणि एफ ही अक्षरं असतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण, इंग्रजीतल्या किर्की फॅक्टरीवरून आलेली. हा कारखाना १८६९ पासूनचा, आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत. बुडावर काहीच खूण नसेल, किंवा ती घासलेली दिसली, तर तो राउंड वापरायचा नाही.

६. शंका राहिली तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा व्हर्निअर कॅलिपर घ्या. ३२.५ आणि २५ मिमी हे दोन आकडे पाठ असतील तर दोन्ही बत्तीस सेकंदात वेगळी होतात. पुंगळीची लांबी, रिम, पूर्ण लांबी, एवढंच मोजा. गोळी उपसून बघायच्या भानगडीत पडू नका.

७. खरेदीच्या वेळी दुकानदार परवान्यावर नोंद करतो. पूर्ण नाव लिहायला सांगा. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात शस्त्र जमा करतानाही तेच: पावतीवर "राउंड ६" ऐवजी "राउंड ६, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग" असू द्या. परत घेताना वाद होत नाहीत. रिकाम्या पुंगळ्याही जपून ठेवा, काही ठिकाणी त्यांचा हिशोब मागतात.

रेंजवर काय बिघडतं

.३२ एसीपीचं मॅगझिन भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिमपुढे राहील असं बघा. ती मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचा राउंड हलत नाही. दोष पिस्तुलाचा समजून लोक मेकॅनिकल खटपट करतात. मॅगझिन काढून राउंड पुन्हा रचले की संपतं.

.३२ लाँगमध्ये स्पर्धेसाठी वॅडकटर गोळी मिळते, पुढून सपाट, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणारी, त्यामुळे गुण मोजायला सोपी. २५ मीटर सेंटर फायर (टोपी बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी इतकी मुभा असूनही नेमबाज हीच निवडतात, कारण धक्का कमी.

न उडालेल्या राउंडवर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. कधी ठिणगी उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, "फुस्स" झालं, तर त्याच क्षणी थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी रिव्हॉल्व्हरवाल्यांना घाई नडते, कारण त्यांना फक्त चाप पुन्हा ओढायचा असतो.

ठेवण्याबद्दल, आणि त्या जुन्या डबीबद्दल

परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. डॅशबोर्डमध्ये राउंड ठेवू नका. घरात कोरड्या जागी, शस्त्रापासून वेगळ्या कुलपात, मूळ डबीत, प्रत्येक प्रकार वेगळा. चामड्याच्या पट्ट्यातल्या घरांत खोचून ठेवण्याची जुनी हौस सोडा. चामड्यातल्या आम्लाने पितळावर हिरवा गंज चढतो आणि पुंगळी भोकात चिकटते. तेल लावू नका, ते टोपीत झिरपतं.

आणि ती मिसळलेली डबी. तिच्यातले राउंड वरच्या क्रमाने वेगळे करा. जे तुमच्या शस्त्राचं आणि परवान्यातलं आहे, खूण वाचता येते, हिरवं पडलेलं नाही, तेवढंच बाजूला ठेवा. बाकीचे विहिरीत, उकिरड्यावर किंवा चुलीत जाता कामा नयेत. एका पिशवीत घेऊन परवान्यासह ठाण्यात जा, "वारशात मिळाले, परवान्यावर नाहीत, जमा करायचे आहेत" असं लेखी द्या, आणि प्रत्येक प्रकाराची संख्या लिहिलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.